गुरूचा ध्रुवीय प्रकाश आणि डुगडुगतं स्टूल

चार माणसं वर्षानुवर्षं एकत्र बसली की किस्से साठतातच. कुठला कधी घडला, हे मात्र मला आता खात्रीनं सांगता येत नाही. बायको म्हणते, "दर वेळी तुम्ही त्यात थोडं घालता!" घालतही असेन. पण ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमचं हौशी आकाशवेड्यांचं आकाश मंडळ होतं, एवढं नक्की. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. बाकीचे म्हणजे दाताचे डॉक्टर आगाशे, मुलींच्या शाळेतल्या शोभाताई आणि बोटीवरून रिटायर झालेले इंजिनिअर, पूर्णगडचे बापूकाका.

*

दोन अवकाशयानं गुरूजवळून गेली आणि त्याच्या ध्रुवांवरचा प्रकाश त्यांच्या उपकरणांनी टिपला. आम्हाला त्याचा तपशील मिळायचा परदेशी मासिकातून, आणि मासिक यायचं बोटीनं! कित्येक महिन्यांनी आम्ही पेढे वाटले.

"एवढा उशीर? यान वाटेत बंद पडलं होतं काय?" शेजाऱ्यांनी विचारलं.

बापूकाका म्हणाले, "यान वेळेवर पोचलं हो! मासिकाची चिपळूणला एस.टी. चुकली!"

*

मासिकात गुरूचे रंगीत फोटो असणार म्हणून डॉक्टरांनी पेशंटला खुर्चीत तसंच ठेवून पाकीट फोडलं. निघाला ध्रुवीय प्रकाशाचा एक वरखाली जाणारा आलेख. तो प्रकाश अतिनील, आणि यानावरच्या अतिनील मोजणाऱ्या उपकरणाचं काम तेवढंच.

आ वासून बसलेल्या पेशंटला डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. गुरूचा ई.सी.जी. नॉर्मल आहे!"

*

शाळेच्या प्रदर्शनात शोभाताईंनी मुलींकडून गुरूची मोठी रांगोळी काढून घेतली. ध्रुवीय प्रकाशाला कुठला रंग द्यावा, यावर आम्ही सगळी दुपार भांडलो. अतिनील तर डोळ्यांना दिसतच नाही! शेवटी ती जागा कोरी ठेवली.

पाहुण्या बाई हळहळल्या, "अगंबाई, रांगोळी संपली वाटतं?"

"छे हो," शोभाताई म्हणाल्या. "पूर्ण आहे. दिसत नाही एवढंच!"

*

मंडळाचा नियम एकच. न पाहिलेलं ठामपणे सांगणाऱ्यानं पुरावा मिळेपर्यंत डुगडुगत्या स्टुलावर बसायचं. नियम बापूकाकांचा. त्यांनी नॉर्वेच्या समुद्रात ध्रुवीय प्रकाश स्वतः पाहिलेला, म्हणून आरामखुर्ची कायम त्यांची.

एकदा भर व्याख्यानात मी बोलून गेलो, "गुरूच्या आयो नावाच्या चंद्रापासून विजेचा प्रवाह थेट गुरूपर्यंत जातो. तो जिथं पोचतो, तिथं उजेडाचा वेगळा ठिपका असणारच!"

"यानानं पाह्यला?" पहिल्या रांगेतून बापूकाका.

"नाही, पण गणितानं..."

"मास्तर, स्टूल!"

सभागृह हसलं. मीही हसलो, पण घरी जाऊन गणित पुन्हा केलं. पुढं कितीदा तरी केलं. दर वेळी बरोबर यायचं, आणि दर वेळी वाटायचं, आपलंच कुठंतरी चुकतंय. मंडळ संपेपर्यंत मी स्टुलावरच होतो.

*

पुढं बापूकाका पूर्णगडला राहायला गेले. जाताना स्टूल घेऊन गेले.

काही वर्षांनी मी मासिक घेऊन त्यांच्याकडे गेलो. ओटीवर ते आरामखुर्चीत होते. मला बघताच त्यांनी पायानं स्टूल पुढं सरकवलं. मी बसलो. त्यांना आता वाचता येत नव्हतं, म्हणून बातमी मीच वाचली. पृथ्वीवरच्या दुर्बिणीला गुरूच्या ध्रुवाजवळ उजेडाचा एक वेगळा ठिपका दिसला होता, आयोमुळे पडलेला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

बापूकाका कठड्याला धरून उठले. माझा दंड धरून त्यांनी मला आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर टेकले. स्टूल डुगडुगलं!

"हां, सांगा आता. चंद्र पुढं गेला की ठिपक्याचं काय होतं?"

"तोही त्याच्याबरोबर पुढं जातो, बापूकाका."