चार भोकं आणि एक पत्रक

डोंगर कापणार आमचा, डिचोली तालुक्यातला, आणि हरकती ऐकणार पेडण्यात, दुपारी चारला. सभागृह म्हणे तिथलंच रिकामं होतं. आमच्या वाड्यावरून तिथे जायचं तर म्हापशाला बस बदलावी लागते. हरकत घेणाऱ्या पाच म्हाताऱ्या, त्यातल्या तिघींचे गुडघे गेलेले. याला मी सुनावणी म्हणत नाही, टाळाटाळ म्हणते. मी म्हाताऱ्यांना शब्द दिला होता, माझ्या व्हॅनमधून नेते. नेमकी त्याच सकाळी व्हॅन खोकायला लागली.

कारापूरचे गॅरेजवाले मामा मूळ बेळगावकडचे. सीट उचलून त्यांनी इंजिनाला कान लावला.

"हवा खातीया. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय."

मॅनिफोल्ड म्हणजे हवा-पेट्रोल चारही सिलिंडरना वाटून देणारा चार नळ्यांचा भाग, आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या नि इंजिनाच्या सांध्यातली पातळ पट्टी. मामांनी नळ्या, तारा सोडवल्या, नट काढले आणि तो अख्खा उचलून बाकावर ठेवला. इंजिनात चार काळी भोकं उघडी पडली.

"चिंध्या कोंब त्यात. खडा आत गेला की इंजिन खल्लास. आन मग म्हापशाला पळ, पॅकिंग आण."

चिंध्या सगळ्या ग्रीसने माखलेल्या. माझ्या पिशवीत डोंगर वाचवायची नवीकोरी पत्रकं होती, मीच लिहिलेली. चार चुरगाळली आणि गच्च बसवली.

"चिंध्या म्हणालो हुतो मी."

"कागद स्वच्छ आहे, मामा."

शुक्रवार, म्हापशाचा बाजार. पॅकिंग घेऊन साडेअकराला परतले. मामांनी जुन्या पॅकिंगची पापुद्री खरवडून जागा लख्ख केली होती. मी बोळे काढत होते आणि कचेऱ्यांवर भाषण ठोकत होते. मामा "व्हय, व्हय" करत नट आवळत होते. आधी मधले, मग कडेचे, प्रत्येक थोडा थोडा, नाहीतर मॅनिफोल्ड वाकतो.

चावी फिरवली. गाडी लंगडली. चारातला एक सिलिंडर गप्प.

मामांनी इंजिन बंद केलं. "कागद किती काढलास?"

"चार." मी ते जमिनीवरून गोळा करून दाखवले. त्यांनी एकेक उलगडला. तीन पूर्ण होते. चौथा अर्धाच, वरून फाटून हातात आलेला.

पाऊण वाजला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. "ओरडा ना एकदाचे!"

"वरडून नट सुटत न्हाईत. बाराचा पाना दे."

सगळं पुन्हा खोललं. दुसऱ्या भोकातून त्यांनी चिमट्याने पेट्रोलने ओला बोळा काढला, बाकावर पसरला आणि मोठ्याने वाचला: "'गप्प बसू नका!'" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यानंच गप केलं की गं त्याला."

हसता हसता मला उचकी लागली.

पॅकिंग एकदा दाबलं गेलेलं होतं. दुसऱ्यांदा बसवलं तर गरम झाल्यावर परत आवळावं लागतं. ते काम मला जमणार नाही हे त्यांना माहीत होतं. दोनला गाडी सुरळीत चालू झाली, तेव्हा त्यांनी शटर ओढलं, हातात कालचा उंडा पाव घेतला आणि पाना खिशात टाकून पुढे बसले. वाड्यावरून घेतलेल्या पाच म्हाताऱ्या मागे.

"हो कोण गो?" एकीने विचारलं.

"डॉक्टर," मामा म्हणाले.

पेडण्यात पोचलो तेव्हा चारला पाच कमी. म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून आत गेल्या. बोलायची टिपणं माझ्या पिशवीत तशीच राहिली. कारण मामांनी सीट उचलली होती, आणि गरम इंजिनावर बॅटरीचा उजेड धरायला माणूस हवं होतं.

सभागृहाची खिडकी उघडी होती. आतून आमच्यातल्या सर्वांत थोरल्या बाईचा आवाज आला. डोंगरातल्या झऱ्याबद्दल बोलली. माझ्या टिपणातला एक शब्द नव्हता त्यात. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा ती:

"सायबा, उठू नकात. अजून चवगीजणी बोलाच्यो आसत."

"बॅटरी हलवू नको," मामा म्हणाले.