मामांसाठी घेतलेलं निळं जॅकेट

सायकलवर बसण्याआधी मामा समोरच्याच्या कॉलरमध्ये मागून दोन बोटं घालायचे. न विचारता. बोटं हौदातल्या पाण्यासारखी गार. मानेला लागली की माणूस शहारायचा आणि मामांचं समाधान व्हायचं.

"वाजली ना थंडी? मग बराबर हाय. निघताना थंडी वाजलीच पाहिजे. नाय वाजली तर एक कपडा काढा."

आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. कॉलेजातल्या अशा माणसांना सगळे मामाच म्हणतात, तसे तेही मामा. मी तिथे तोच विषय शिकवायचो. कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, ओला कपडा अंगातली उष्णता ओढून घेतो, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मामांनी ते कधी लिहिलं नव्हतं. त्यांना ते येत होतं, एवढंच. मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढे शोधत बसायला नको.

ते दुष्काळाचे दिवस होते. आमच्या गारखेडा भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि टँकरचा आवाज ओळखण्यात लहान मुलंसुद्धा तरबेज झाली होती. शहर मात्र वाढतच होतं. बायपासच्या पलीकडे जिथे ज्वारी असायची तिथे प्लॉटचे दगड आले, दगडांच्या जागी पिलर आले. सकाळी सायकल चालवायला मोकळा रस्ता हवा, तर दर हिवाळ्यात आणखी दोन चौक ओलांडावे लागायचे.

सायकलचा गट मी सुरू केला होता. कॉलनीतले आठ-नऊ जण, त्यात एक दातांचे डॉक्टर, दोन बँकेतले, आणि माझी बारावीतली मुलगी. मार्ग मी ठरवायचो, वेळ मी ठरवायचो. कोणी "सर, काय घालून येऊ?" असं विचारलं की मी उष्णतेवर छोटं व्याख्यान द्यायचो. बरे दिवस होते.

मग एका रविवारी चिकलठाण्याच्या रस्त्यावर मागून एक काळी जुनी सायकल आली. कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवायचे लोखंडी आकडे तसेच होते. मामा मुकुंदवाडीत एका खोलीत राहायचे आणि सुट्टीच्या दिवशीही पहाटे बाहेर पडायचे, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला नमस्कार केला आणि नमस्कार करता करताच पुढे निघून गेले.

चहाच्या टपरीवर सगळ्यांनी त्यांना घेरलं. सोयगावकडचे. वीस वर्षं रोज पहाटे गावातून तालुक्याला दूध घातलेलं. लागोपाठ दोन वर्षं विहिरीनं तळ दाखवला, चारा मिळेना, म्हशी विकल्या, आणि कोणाच्या तरी ओळखीनं आमच्या कॉलेजात चिकटले.

"म्हशी गेल्या," ते म्हणाले, "पण चारला उठायची खोड काय कुणी घेईना."

सगळे हसले. पुढच्या रविवारी ते आमच्यात होते. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्यात होतो.

त्यांचे कपडे बघण्यासारखे असायचे. अंगाला लागून कबड्डीच्या संघाचा जुना निसरडा टीशर्ट, पाठीवर अकरा नंबर. "सुती बनियन घाम पिऊन बसतं, हे पीत नाय." त्यावर बिनबाह्यांचा सैल लोकरी स्वेटर. सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, दोन्ही कोपरांवर फाटलेलं. पिशवीत कालचा पेपर आणि एक कोरडा शर्ट. चढ आला की थांबून एक थर काढायचे, वर पोचलं की कोरडा शर्ट घालून छातीवर पेपर सरकवायचे आणि चेन गळ्यापर्यंत ओढायचे.

"लोकं उलटं करत्यात," ते माझ्या मुलीला सांगायचे. "चढाला गुंडाळून घेत्यात अन् उताराला उघडं टाकत्यात. थंडी उताराला बसलेली असती, ताई."

हेच मी तिला 'वाऱ्यामुळे होणारा उष्णतेचा ऱ्हास' या नावाखाली शिकवलं होतं. तेव्हा तिने जांभई दिली होती. आता ती वहीत उतरवून घेत होती.

दुसऱ्या वर्षी घरात हिवाळ्याचे कपडे घ्यायची वेळ आली तेव्हा बायको सहज म्हणाली, "तुम्ही काही ठरवू नका, मामांना विचारा आधी." सहजच म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

मी कोणालाही न विचारता पुण्याहून एक जॅकेट आणलं. जाड, काळं, भरपूर खिशांचं. ते घालून पहिल्यांदा दौलताबादच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मला वाटलं होतं की सगळे विचारतील. विचारलंही. पण किल्ल्याजवळ थांबलो तेव्हा मामा मागून आले, दोन बोटं माझ्या कॉलरमध्ये घातली, बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. ओली होती.

"सर, आत विहीर लागली की! एवढ्या दुष्काळात!"

डॉक्टर तर हसता हसता सायकलवरून उतरले. माझी मुलगीही हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? मामांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचाच जास्त राग आला. ज्याच्या मनात काही नसतं त्याचं तुम्ही काय वाकडं करणार?

घरी आल्यावर मी गुपचूप त्यांच्यासारखाच निसरडा टीशर्ट आणला, कोरडा बनियन आणि जुना पेपर पिशवीत ठेवायला लागलो. वर मात्र तेच काळं जॅकेट, चेन उघडी ठेवून. मामांकडून शिकलो हे कोणाला कळू नये म्हणून.

जानेवारीत म्हैसमाळला जायचं ठरलं. थंडीची लाट आली होती. पाऊस नाही, ढग नाही, रात्रभर उघडं आभाळ. कोणीतरी म्हणालं, मामांचं जॅकेट पार फाटलंय, सगळ्यांनी मिळून त्यांना नवीन देऊ. सगळ्यांना पटलं. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्हीच निवडा. मामांना विचारायचं नाही, अचानक द्यायचं. मग तुमच्याशिवाय कोणाला कळतं?"

निराला बाजारात एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन जॅकेटं पुढे ठेवली. एक करडं, पातळ, काखेत हवेसाठी चेन, पुढे वाकल्यावरही मागून कंबर झाकेल इतकं लांब. दुसरं निळं, फुगीर, आत स्पंजाचा थर, वरून चकाकणारा लेप. दिसायला फार देखणं.

"किसके लिए चाहिए?" त्याने विचारलं.

"सायकलसाठी."

"फिर तो ये पतला वाला लो साहब. वो मोटा वाला गाडीवालों का है. पैडल मारेंगे तो अंदर पानी पानी हो जाता."

मी निळ्या जॅकेटच्या आत हात घातला. हवा जायला कुठे जागा नव्हती. मिनिटभरात तळहात दमट झाला. मी वीस वर्षं हाच विषय शिकवत होतो. मला मामांचा हसतानाचा चेहरा आठवला, आणि ओल्या बोटांभोवती जमलेले सगळे.

"निळं द्या," मी म्हणालो.

वाटेत मी मनाला समजावत होतो की भेट म्हणून हेच भारदस्त दिसतं, करडं कोणाच्या डोळ्यांत भरलं नसतं. ते खोटं नव्हतं. पण मी ते एवढ्या वेळा का घोकत होतो, हे मला ठाऊक होतं.

निघायच्या पहाटे चौकात ते मामांना दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, आतून चाचपलं, माझ्याकडे पाहिलं. "बाबांनी निवडलंय," माझी मुलगी म्हणाली. मामांनी आपलं फाटकं जॅकेट आणि स्वेटर काढून घडी करून तिथल्या चहावाल्याकडे ठेवलं. दोन्हींवर ते निळं बसत नव्हतं. त्या दिवशी कोणाच्या कॉलरमध्ये बोटं घालायचंही ते विसरले.

खुलताबादच्या पुढे म्हैसमाळचा चढ लागला. मी मामांच्या मागे होतो. पहिल्या वळणावर त्यांनी चेन थोडी उघडली, दुसऱ्यावर अर्धी. ते थांबून काढतील असं मला वाटत होतं. पण बाजूने कोणी ना कोणी जायचं आणि म्हणायचं, "मामा, हिरो दिसताय!" मामा हसायचे आणि पायडल मारायचे. तिसऱ्या वळणावर त्यांचा वेग पडला. मी त्यांच्या पुढे गेलो.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदाच मी मामांच्या पुढे होतो. वर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच आला होता. मामा सर्वांत शेवटी आले. त्यांच्या कॉलरमधून वाफ निघत होती. ते आमच्यापासून जरा लांब, दगडावर बसले, चहासुद्धा तिथेच घेतला. कोरडा शर्ट काढायला पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. पहाटेच्या गडबडीत पिशवीतून बाहेर काढलेला शर्ट आणि पेपर स्वेटरबरोबर चहावाल्याकडेच राहिले होते.

उतरताना वारा समोरून होता. खाली एका मंदिराच्या वळणापाशी मी मागे पाहिलं, मामा दिसेनात. बाकीचे पुढे गेले होते. मी थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. मग मी सायकल वळवून चढाला लागलो.

ते कठड्याला टेकून बसले होते. सायकल खडीत आडवी, गुडघा फुटलेला. ब्रेक दाबायला बोटंच वळेनात म्हणून त्यांनी मुद्दाम कडेला घातली होती. दात एकमेकांवर आपटत होते. ओठ निळे पडले होते.

"बसतो जरा," ते म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते. "तुम्ही व्हा म्होरं."

मी त्यांचं जॅकेट काढलं. आतला टीशर्ट पिळून काढावा इतका ओला. तो काढला, पिशवीतला माझा कोरडा बनियन घातला, छातीवर आणि पाठीवर पेपर लावला, वरून माझं काळं जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. त्यांचे हात माझ्या काखेत धरले. मामांनी पेपरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शिकलात की," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने दात वाजायचे थांबले. ऊन कठड्यावर आलं होतं. मामांनी बाजूला पडलेल्या निळ्या जॅकेटकडे बघून विचारलं, "दुकानवाल्यानं सांगितलं नव्हतं, सर?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"सांगितलं होतं."

एक दूधवाला मोटारसायकलवरून वर गेला, त्याच्याकडे मामा वळणापर्यंत बघत राहिले.

"हात लावला तवाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "आतून वारा जाईना."

"मग घातलं कशाला, मामा? काढायचं तरी वाटेत!"

"दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्यासाठी काय तरी आणलं व्हतं. म्हणलं, सरांसमोर कसं काढायचं?"

मी मान खाली घातली. तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता, मला माहीत नाही. "चुकलं माझं," असं मी म्हणालो ते इतकं हळू की त्यांना ऐकू गेलं की नाही शंकाच आहे. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठले.

खाली सगळे वाट बघत होते. "काय झालं मामा?" "कायनाय. शर्ट इसरलो चहावाल्याकडं, थंडी भरली. सर होते म्हणून बरं." मुलीने माझ्याकडे ज्या कौतुकाने पाहिलं, तसं तिने कधीच पाहिलं नव्हतं. ते मला घेताही येईना आणि परतही करता येईना.

मामा तीन आठवडे खोकत होते. त्या दिवसांत प्रॅक्टिकलची मांडामांड मी केली. उपकरणं लावणं, बर्नर पुसणं, भिंगं मोजून ठेवणं. मुलं विचारायची, "सर, मामा कधी येणार?" मी म्हणायचो, येतील. आणि खरं सांगतो, तेव्हाही आत काहीतरी टोचायचंच. माझ्या आजारपणात असं कोणी विचारलेलं मला आठवत नव्हतं.

मामा बरे होऊन आल्यावर मी स्वतः जाऊन ते करडं जॅकेट आणलं. त्यांनी आतून हात फिरवला, "आता कसं!" म्हणाले आणि लगेच अंगावर चढवलं. निळं त्यांनी एका बांधकामावरच्या वॉचमनला देऊन टाकलं होतं. "बसून राहणाऱ्याला ते लई भारी, सर. तो तर दुवा देतोय तुम्हाला."

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. मामांच्या गावाकडच्या विहिरीला पाणी आलं आणि मामांनी नोकरी सोडली. प्राचार्यांनी समजावलं, आम्ही समजावलं. "दोन म्हशी बघितल्यात," एवढंच ते म्हणाले, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की आम्ही समजावणं सोडून दिलं.

जायच्या दिवशी टेम्पोत सामान भरून ते मुद्दाम आमच्या कॉलनीत आले. एक ट्रंक, दोन पाण्याचे ड्रम, आणि मधे दोरीने बांधलेली काळी सायकल. अख्खी गल्ली बाहेर आली. डॉक्टरांनी फोटो काढले, बायकोने लाडू बांधून दिले, मुलगी रडली. मी सहा महिने प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेलो होतो तेव्हा ती रडली नव्हती. माझ्या हे लगेच लक्षात आलं. स्वभाव जात नाही.

मामा सगळ्यांशी बोलले. माझ्याशी सगळ्यांत कमी. "येतो सर," म्हणाले, हात हातात घेतला, सोडला, आणि मागे सामानात जाऊन बसले. टेम्पो कोपऱ्यावर वळताना त्यांनी एक हात वर केला. आम्ही वीसेक जण होतो, वीसेक हात वर झाले. तो नक्की कोणासाठी होता, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. गल्लीत आजही त्यावर बोलणं निघतं, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच केलेला वाटतो. मी वाद घालत नाही. पण तो मला केला होता.