भिमाजी हवालदारांचं नाक

निफाड तालुक्यात भिमाजी हवालदारांच्या नाकाला जो मान होता, तो एकेकाळी रंगमंचावर खड्या आवाजाच्या नटाला मिळायचा. नाकाबंदीला ते उभे आहेत असं कळलं की मोटारसायकलवाले शंभर पावलं आधीच उतरून गाडी ढकलत यायचे. भिमाजी नुसते जवळून जायचे आणि म्हणायचे, "देशी. दोन तास झाले. वर बडीशेप खाल्लीस, ती वाया गेली." ठाण्यात फुंकायचं यंत्र आलं, तेव्हा साहेबांनी ते आधी भिमाजींच्या नाकाशी ताडून पाहिलं आणि मगच ताब्यात घेतलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे नाक गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, वास मात्र परत आला नाही. हे फक्त त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना ठाऊक होतं. एकदा शेगडीवर दूध जळून पातेलं काळं पडलं, तरी हवालदार शेजारीच पेपर वाचत बसलेले.

"आता तरी ठाण्यात सांगा," त्या म्हणाल्या.

"आणि मग काय करू? लोक मला ओळखतात कशावरून?"

"नाकावरून ओळखायला तुम्ही काय हत्ती हाय का?"

पण भिमाजींनी सांगितलं नाही. नाकाबंदीला ते माणसाचे डोळे बघायचे, जीभ अडखळते का ते ऐकायचे आणि शेवटी रीत म्हणून हुंगायचे. अभिनय बेतास बात, पण प्रेक्षक घाबरलेले असल्यामुळे खपून जायचा.

पुढे दोन वर्षांनी, भर दुपारी, पिंपळगावच्या रस्त्यावर एका पांढऱ्या मोठ्या गाडीने सहादूला उडवलं. द्राक्षाच्या छाटणीला सायकलवरून निघालेला माणूस, जागच्या जागी गेला. गाडी चालवत होता धनराज नावाचा नाशिकचा बिल्डर. सगळ्यात आधी पोहोचले भिमाजी. त्यांनी यंत्र पुढे केलं, धनराजने फुंकायला नकार दिला, म्हणून त्याला अटक झाली आणि सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. कायद्याच्या मर्यादेच्या पाचपट दारू निघाली.

आणखी दोन वर्षांनी खटला उभा राहिला आणि साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील सविता मॅडमनी भिमाजींना बोलावलं.

"हवालदार, सगळं तुमच्यावर आहे. ते म्हणणार, संशयाला वाजवी कारण नसताना फुंकायला सांगितलं. कारण नाही, तर नकार गुन्हा नाही, अटक नाही, रक्तही नाही. मग सहादू स्वतःच आडवा आला असं म्हणायला ते मोकळे. तुमच्या जबाबात वाक्य आहे ना, 'तोंडाला दारूचा उग्र वास येत होता'? त्यालाच धरून राहा."

जबाबात असं वाक्य आहे हे भिमाजींना तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर सहादूची बायको कुसाबाई बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा. ती प्रत्येक तारखेला अशीच यायची. बचावाचे वकील उठले. काळा कोट सावरत त्यांनी कागदात गुंडाळलेल्या तीन बाटल्या साक्षीदाराच्या कठड्यावर मांडल्या आणि ते न्यायाधीशबाईंकडे वळले.

"मॅडम, पाणी, व्हिनेगर आणि रॉकेल आहे. या नाकाची ख्याती फार ऐकली. हवालदारांनी ओळखावं."

न्यायाधीशबाईंच्या कपाळावर आठी आली, पण त्या काही बोलायच्या आत भिमाजी बोलले. बोलण्याआधी त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं, मग मागच्या डब्याकडे.

"बाटल्या उघडू नका साहेब. मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

दाराशी उभ्या शिपायाच्या हातातली फाईल खाली पडली.

"म्हणजे जबाबातलं वाक्य खोटं?" वकिलांनी विचारलं.

"खोटं. ते वाक्य कम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. आमचा लखन ऑपरेटर फक्त नाव आणि गाडीचा नंबर बदलतो. मी न वाचता सही केली. चूक माझी."

वकिलांनी हात पसरले. नाटक असतं तर इथे टाळी पडली असती. "झालं. कारणच गेलं. रक्ताचा अहवाल बाद करावा."

सविता मॅडम कागद चाळता चाळता थांबल्या. "हवालदार, रक्त काढण्यासाठी डॉक्टरांना दिलेलं हे पत्र कोणी लिहिलं?"

"मी. हाताने, डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून."

"संशयाची कारणं वाचा."

भिमाजींनी चष्मा लावला. "सदर इसम गाडीच्या मागच्या सीटवर बसून, स्टेअरिंग कोणी काढून नेलं, असं विचारत होता. मी गणवेशात असताना मला मसाला पापड आणायला सांगितला. कांदा जास्त. यंत्र पुढे केलं असता, फुगे विकणारा समजलास का, म्हणून फुंकला नाही. वास..." ते थांबले. "वासाची जागा कोरी आहे. जे कळलं नाही ते लिहिलं नाही."

कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनीही पदर तोंडाशी नेला. मग कुणाचं तरी लक्ष कुसाबाईकडे गेलं. पापडाची ऑर्डर गेली तेव्हा तिचा माणूस कुठे पडला होता, हे सगळ्यांना एकदमच आठवलं. धनराज मान खाली घालून बसला.

"कायद्याला वाजवी कारण लागतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "ते नाकातूनच आलं पाहिजे असं नाही. अहवाल पुराव्यात राहील. हवालदार, न वाचता सही केल्याबद्दल तुमच्या साहेबांना पत्र जाईल. आणि वकीलसाहेब, बाटल्या घरी न्या."

बाहेर चिंचेखाली कुसाबाईने डबा उघडला. "बसा भाऊ. मेथी हाय, लसणाची. वास लय सुटलाय." मग तिला आठवलं आणि ती ओशाळली.

भिमाजी तिच्यासमोर मांडी घालून बसले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ते, नुसत्या सवयीनेही न हुंगता, जेवायला बसत होते.

"मला काही कळत नाही ताई," ते म्हणाले, "पण रंग झकास दिसतोय. वाढा."