आत्याच्या मार्करची ट्रायल

आत्याच्या मापाच्या वहीत शेजारणीच्या कोटाच्या पुढच्याच पानावर एका मार्करची मापं आहेत. वर नाव लिहिलंय, ‘मार्कर (नवशिका)’. खाली सगळं रीतसर: नळी आठ इंच, मूठ चार, टाकीसकट उंची बावीस. आणि शेवटी, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर असतो तसा शेरा: ‘अंगानं बोजड, पण ऐकणारं आहे.’ कोटाचं पान आणि हे पान यांच्यात दोन वर्षं गेली, पण ते वहीत कुठे दिसत नाही.

मार्कर म्हणजे पेंटबॉलची बंदूक. मागे लावलेल्या टाकीतल्या हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या मारते. मैदानावर मात्र तिला बंदूक म्हणायचं नाही, मार्करच म्हणायचं. मी एकदा चुकून बंदूक म्हणाले, तर तिथल्या मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं ते थेट चहा मागायला. आत्याला मात्र तो शब्द पहिल्याच दिवशी पटला. “समोरच्यावर खूणच करायची ना? जन्मभर खडूनं तेच केलं मी,” ती म्हणाली.

आत्या शिवणकाम करायची. बत्तीस वर्षं, घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून ठेवलेल्या एकाच मशीनवर. अर्ध्या गल्लीचे शाळेचे गणवेश तिच्या हातचे. माझे तर सगळेच, आणि वाढत्या अंगाचे म्हणून सगळे ढगळ, त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण शेजारणीच्या कोटाची कॉलर तिरकी गेली आणि आत्यानं तो कोट तीनदा उसवला. चौथ्यांदा शिवून दिला त्या संध्याकाळी तिनं निळ्या पट्ट्यांचं एक जाडजूड कापड काढलं, त्याचं मशीनला बेतशीर कव्हर शिवलं आणि तेच मशीनवर घातलं. तिथून पुढे ती मशीनबद्दल बोलत नसे आणि आम्हीही विषय काढत नसू. खिडकीतली ती निळी पट्टेरी वस्तू आम्ही सगळे वळसा घालून ओलांडायचो.

पेंटबॉलचं खूळ माझ्यामुळे शिरलं, हे कबूल करते. माझ्या ऑफिसची सहल मैदानावर गेली होती आणि घरचं एक माणूस आणायला परवानगी होती. नवऱ्यानं आयत्या वेळी पाठदुखी काढली, म्हणून मी आत्याला नेलं. वाटलं, बसेल सावलीत. ती बसली, एका लाकडी पिंपामागे, उकिडवी. तिथून तिनं आमच्या मोठ्या साहेबांच्या बरोब्बर पोटावर पिवळा डाग पाडला. टाळ्या इतक्या झाल्या की पुढच्या रविवारपासून आत्या मैदानाच्या क्लबात. वय एकसष्ट. महिन्याभरात तिनं स्वतःचा मार्करही घेतला, अगदी साधा, शिकाऊ लोक घेतात तो.

आणि घेतल्यापासून पंधरा दिवसांत तो सापासारखा फुसफुसायला लागला.

मैदानावरच्या दुरुस्तीवाल्याला सगळे रिंगमास्तर म्हणतात, कारण मार्करला काहीही झालं तरी तो आतली रबरी रिंग बदलतो. त्यानं आत्याचा मार्कर उघडला आणि आतल्या रिंगा बघून तोंडात बोटं घातली. फुगून टम्म झाल्या होत्या.

“आजी, यात तेल कुठलं घालता?”

“मशीनचं.”

“कुठल्या मशीनचं?”

“म्हणजे काय? मशीनचं!” आत्याला प्रश्नच कळेना. तिच्या लेखी जगात मशीन एकच.

रोज सकाळी उठून ती मार्करला शिवणाच्या मशीनचं तेल पाजत होती. दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे, वर फडक्यानं पुसून लख्ख. दोन वर्षं फळीवर पडून असलेली तेलाची कुपी तिनं पुन्हा खाली काढली होती. रिंगमास्तरनं समजावलं की त्या तेलानं या रिंगांचं रबर फुगतं, याला याचं वेगळं तेल लागतं. आत्यानं ते वहीत लिहून घेतलं. ‘तेल सोसत नाही.’

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग स्पर्धा जाहीर झाली. दुसऱ्या मैदानाच्या संघाशी सामना, पाच जणांचा संघ, त्यातले चार ठरलेले. पाचव्या जागेसाठी आत्यानं नाव दिलं. संघाची कप्तान म्हणजे एक दातांची डॉक्टर, वयानं माझ्यापेक्षा लहान पण आवाज असा की माणूस आपोआप आ करतो. तिनं अट सांगितली: वीस पावलांवर दहा पत्र्याच्या थाळ्या, दहा गोळ्या, त्यात पाच तरी लागल्या पाहिजेत. नाहीतर आत्यानं गुणफलकापाशी बसायचं.

मी आत्याला तिच्या घरी सोडलं, तेव्हा ती चपला काढता काढता म्हणाली, “पाच नाही लागल्या तर मार्कर देऊन टाकायचा. हात कामातून गेला तो गेलाच, असं समजायचं.” एवढं बोलून ती कुकर लावायला गेली.

आता आमच्या घरात एखाद्याला नड आहे असं कळायचा अवकाश, सल्ल्यांचा नुसता सुकाळ. मार्करमध्ये काय काय बदलावं यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर तुंबळ युद्ध झालं. बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, म्हणाले नळी लांब घे. नळी लांब तर नेम लांब. हे त्यांनी कुठे वाचलं विचारल्यावर ते म्हणाले, हे वाचावं लागत नाही. माझ्या नवऱ्यानं, ज्याची पाठ आता ठणठणीत होती, रात्रंदिवस व्हिडिओ बघून निकाल दिला की चाप बदलायचा. बॅटरीवर चालणारा, बोट नुसतं टेकवलं की गोळ्यांची सरबत्ती. दुकानदारानं सांगितलं की तुमचा गोळ्यांचा डबा जुन्या पद्धतीचा आहे, मोटरवाला घ्या. एकट्या रिंगमास्तरनं विचारलं, “आजी, मास्कच्या काचेवर वाफ धरते का?” धरत होती. “मग आधी मास्क बदला. दुहेरी काचेचा घ्या. दिसलंच नाही तर बाकीचं घेऊन काय करणार?”

आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकू नये तेही ऐकलं, कारण सांगणारे आपलेच होते. मास्क घेतला, डबा घेतला नाही, पण लांब नळी आणि बॅटरीचा चाप दोन्ही बसवून घेतले. मार्कर आता नवरदेवासारखा नटला होता आणि तिच्या हातात मावत नव्हता.

रविवारी आम्ही सगळे मैदानाच्या जाळीच्या अलीकडे भाड्याचे मास्क लावून उभे. आत्यानं नेम धरला. लांब नळीचं टोक जड, ते खाली झुकायचं, आणि हाताची जी थरथर आठ इंचांत दिसत नव्हती ती आता टोकाला चांगली वीतभर हलताना दिसत होती. त्यात तो चाप. बोट थरथरलं की गोळी सुटलीच. आठ गोळ्या तिनं मारायच्या आधीच मारून झाल्या. दहात तीन लागल्या. त्यातली एक शेजारच्याच थाळीला, पण कप्तानानं ती धरली, एवढी ती बरी बाई.

आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे पडले. आत्याचा नाही. तिनं मास्क वर केला, खिशातून खडू काढला आणि कप्तानापुढे मार्कर धरला.

“हं, सांगा. कुठे सैल वाटतंय, कुठे धरतंय?”

“आत्या, झाली ट्रायल,” कप्तान म्हणाली.

“झाली ना. म्हणून तर विचारते. खुणा कुठे करू?”

मला उलगडा झाला तेव्हा हसावं की कपाळाला हात लावावा समजेना. कप्तान आठवडाभर ‘रविवारी ट्रायल आहे’ म्हणत होती, आणि आत्या आठवडाभर निवांत होती, कारण तिच्या भाषेत ट्रायल म्हणजे कच्ची शिलाई घालून गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून बघणं. ट्रायलला कपडा चुकलेलाच असतो; पाच थाळ्यांची खरी परीक्षा तिच्या हिशेबी त्यानंतर होती. खडूनं खुणा करायच्या, घरी नेऊन उसवायचं आणि नीट शिवून आणायचं.

“ट्रायल म्हणजे निवड हो,” कप्तान जरा हळू आवाजात म्हणाली.

“ट्रायलला निवड?” आत्याला ते खरोखर विचित्र वाटलं. “मग दुरुस्त्या कधी करता तुम्ही लोक?”

दातांच्या डॉक्टरनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः आ केला असावा. तिनं रिंगमास्तरकडे पाहिलं, त्यानं आकाशाकडे. मग ती म्हणाली, “बरं. पुढच्या रविवारी एकदाच. पण आत्या, एक सांगू का? मार्करमध्ये काही सैल नाही. हात हलतोय तुमचा.”

आत्यानं मान डोलावली. खडू खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर बाबांनी नळीचा विषय काढल्यावर मी त्यांना इतक्या जोरात चिमटा घेतला की ते घरापर्यंत दंड चोळत होते.

त्या आठवड्यात मी रोज फोन केला. पहिल्या दिवशी कळलं की लांब नळी आणि चाप तिनं काढून ठेवले, मूळचेच बसवले. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, खांद्याला टेकवायचा दस्ता मिळतो, मी आणते. ती म्हणाली, “तयार कपडे कधी बसलेत का माझ्या गिऱ्हाइकांना?” आणि फोन ठेवला. त्यानंतर रोज एकच उत्तर, “काम चालू आहे.” मला वाटलं, सराव चालू असेल. गुरुवारी घरी डोकावले, तर पुढच्या खोलीचं दार आतून बंद. “उद्या ये,” दाराआडून आवाज आला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. आम्ही हिच्या काळजीनं अर्धमेले आणि ही दार लावून बसलीय.

दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा जाळीशी. आत्या चालत आली ती मार्कर बाळासारखा उराशी धरून. टाकीला काहीतरी जाड, भरलेलं झबलं घातलं होतं आणि त्याला एक रुंद पट्टा. तिनं झबल्याची बाजू खांद्याच्या खळग्यात रुतवली, पट्टा कोपराखालून एक वळसा घेऊन ताणला, आणि हात त्या पट्ट्यात असा अडकला की हलायला जागाच उरली नाही. माप तिचंच होतं, तिच्याच खांद्याचं. नळीचं टोक थांबलं.

पहिली गोळी चुकली. दुसरी लागली. तिसरी, चौथी लागली. मग दोन चुकल्या आणि बाबा देवाचं नाव घ्यायला लागले. सातवी लागली. आठवी थाळीच्या काठाला चाटून गेली, पण ठण्ण वाजलं. पाच झाल्या होत्या. नववी चुकली आणि दहावी तिनं अगदी सावकाश, सुईत दोरा ओवताना धरायची तसा श्वास धरून मारली. थाळीच्या मधोमध पिवळा डाग.

कप्तान धावत गेली ती आत्याकडे नाही, पट्ट्याकडे. उलटसुलट करून बघितला. “कुठल्या कंपनीचा आहे हो? कुठे मिळाला? मला पण हवाय.”

“शिवला,” आत्या म्हणाली.

तोवर मीही पोचले होते. जवळून पाहिलं. पट्ट्याची टीप दोन ठिकाणी वाकडी गेली होती. पूर्वीची आत्या असती तर उसवून पुन्हा घातली असती. या आत्यानं ती तशीच ठेवली होती. आणि कापड जाड होतं, निळ्या पट्ट्यांचं.

“आत्या, हे तर मशीनचं कव्हर आहे.”

“हो. दुसरं इतकं जाड घरात नव्हतं.”

माझा मास्क भाड्याचा, एकेरी काचेचा. आत डोळे भरून आले की बाहेरचं सगळं धूसर होतं, हे मला त्या दिवशी कळलं. “मग मशीनवर काय घातलंयस?” मी विचारलं.

“काही नाही. उघडंच आहे,” आत्या म्हणाली, आणि कप्तानाला हात धरून सरळ उभं केलं. “माझ्या पिशवीतली वही काढ आधी. हिच्या खांद्याचं माप घ्यायचंय.”