नलूताई खाडीपलीकडे गेल्या

नलूताई कुठल्याही गावात गाडी शिरवत नसत. वेशीपाशी सावलीचं झाड बघून ती उभी करायच्या, पदर खोचायच्या आणि चालू लागायच्या. "गावात चालतच जायचं गो. गाडीतनं नुसती घरं दिसतात, माणसं नाही," असं त्यांचं म्हणणं.

मी नाशिकची. बँकेतल्या बदलीमुळे रत्नागिरीला आले, तेव्हा त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहत होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी मोटार घेतली होती. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी द्राक्षांच्या मळ्यांतून भटकता येतं, वाईनरी बघता येतात, इथे रविवारी करायचं काय, असं मी एकदा बोलून गेले. त्या चिडल्या नाहीत. पुढच्या रविवारी सकाळीच चहाचा थर्मास घेऊन दारात उभ्या राहिल्या.

मग ते नेमाचंच झालं. आरे-वारेचा समुद्र डावीकडे ठेवून आम्ही निघायचो. मालगुंडच्या आसपासच्या वाड्यांमधून, जांभ्या दगडाच्या गडग्यांच्या कुंपणांमधल्या वाटांनी हिंडायचो. नलूताई अनोळखी घरासमोर थांबून पाणी मागायच्या, आणि पाण्यापाठोपाठ कोकमाचं सरबत, फणसाचे गरे, घरच्या सुनेची गाऱ्हाणी असं सगळं यायचं. मला मोटार चालवायला त्यांनीच शिकवलं. मी घाबरून ब्रेक दाबला की म्हणायच्या, "रस्ता काय कुठे पळत नाही. सावकाश."

दुपारी आम्ही जयगडच्या जेट्टीवर पोचायचो. खाडीपलीकडच्या तवसाळला मोटारी नेणारी फेरीबोट तिथून सुटते. नलूताई धक्क्यावर बसून डबा खायच्या, बोट पलीकडे टेकेपर्यंत बघत राहायच्या आणि गाडी परत वळवायच्या. एकदा मी विचारलं, पलीकडे बघण्यासारखं काही नाही का? त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, पलीकडे त्यांचं माहेर आहे. धाकटा भाऊ वसंत तिथे जांभळांची वाईन करतो. आई गेली तेव्हा त्याने त्यांच्यासाठी न थांबता सगळं उरकलं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यानंतर त्या तिकडे गेल्या नव्हत्या.

तेवढ्यात बोट लागली. मोटारी उतरू लागल्या. नलूताई उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मला वाटलं, परतायचं. त्यांनी गाडी सरळ बोटीवर चढवली.

त्या दिवशी त्या वेशीपाशी थांबल्या नाहीत. गाडी थेट भावाच्या अंगणात नेली. पडवीत एक टक्कल पडलेला गृहस्थ सुपातली जांभळं निवडत होता. निळ्या-जांभळ्या बोटांनी तो तसाच उभा राहिला. त्याने मला बसायला सांगितलं, ताईंना पाणी दिलं. मग खाली बघत, कितीदा तरी मनाशी घोकून ठेवल्यासारखं म्हणाला, "पाऊस होता ताई. फेरी बंद. खालच्या रस्त्यावर दरड आलेली. दोन दिवस आईला कसा ठेवणार होतो मी?"

"ठाऊक होतं मला," नलूताई म्हणाल्या.

त्याने मान वर केली.

"तेव्हाच कळलं होतं. पण आई गेली म्हणून कोणावर तरी रागवायचं होतं रे. तू जवळचा होतास."

वसंतरावांनी हात धुतले नाहीत. तसेच येऊन ताईंच्या पायाशी बसले. पांढऱ्या साडीवर जांभळे डाग पडले आणि नलूताईंनी ते पडू दिले.

मग वसंतरावांनी वाईन आणली. आयुष्यभर दारूच्या दुकानापुढून जाताना मान फिरवणाऱ्या नलूताईंनी स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "आंबट आहे. साखर घाल." वसंतराव हसू लागले, मग डोळे पुसू लागले.

ऊन कललं तशी मी शेवटच्या फेरीची आठवण करून दिली. नलूताईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू जा. मी राहते." मी एकटीने कधी गाडी चालवली नव्हती. बोटीवर चढवताना ती दोनदा बंद पडली, पण रस्ताभर मी सारखी हसत होते.

शेवटची काही वर्षं त्या भावाकडेच राहिल्या. गेल्या मार्गशीर्षात गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा वसंतराव पडवीत बसून होते. मी विचारलं, जेवणाखाण्याचं कसं चाललंय?

"रोज भांडायची," ते म्हणाले. "आमटीत मीठ कमी, भात मऊ, मासळी शिळी. एक दिवस सोडला नाही." त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "आता कोणी काही बोलत नाही. जे शिजेल ते जेवतो."