कुंदा नावं ठेवते

किस्से आमच्या घरी मुद्दाम घडवावे लागत नाहीत. दुसऱ्यांकडे आई "जेवायला ये गं" म्हणते, मूल येतं किंवा येत नाही, संपलं. आमच्याकडे तेवढ्यासाठी चार जण हात हलवतात, त्यातले दोघं चुकीचं समजतात आणि भलत्याच घरचं पोर पाटावर येऊन बसतं! मग किस्से साचणार नाहीत तर काय?

आमच्या कुंदाला ऐकू येत नाही. जन्मापासूनच. आता ती सहा वर्षांची आहे. तिचे वडील, म्हणजे आमचे हे, चामोर्शीच्या शाळेत मास्तर आहेत. मी नागपूरची, मॅट्रिक पास, आणि सध्या घरी बसून काळजी करण्याच्या ड्युटीवर. ते काम मला चांगलं जमतं. काळज्या पुष्कळ आहेत, पण खरी एकच. ही कुठे हरवली आणि कुणी विचारलं, "कुणाची गं तू?", तर ही काय सांगेल?

*

शेजारच्या गिरजाबाईंचं पहिल्या दिवसापासून ठाम मत, की पोरगी बहिरी नाहीच, आम्हीच हळू बोलतो!

"तुमी नागपूरवाले फुसफुस करता जी. लेकराले कसं आयकू येईन?"

एका दुपारी त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि छाती भरून त्यांनी हाक मारली, "कुंदेऽऽऽ!"

कोपऱ्यावरचा न्हावी हातातल्या वस्तऱ्यासकट धावत आला. शाळेतून हेडमास्तर आले. कुणाची तरी म्हैस दावं तोडून आली. कुंदा गिरजाबाईंच्या पायाशीच चिंचोके खेळत होती. ती खेळतच राहिली.

गिरजाबाई दम खात म्हणाल्या, "आयकते जी! पण मनावर घेत नाई!"

*

नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "खाणाखुणा एकदम बंद. ओठांकडे बघून शिकू दे."

शिकलेली बाई मी. डॉक्टरांचं ऐकलंच पाहिजे. कुंदाला समोर बसवलं, स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरले आणि तोंड मोठं करून म्हटलं, "पाऽऽणी!"

कुंदाने वाकून माझ्या तोंडात नीट पाहिलं.

"पाऽऽऽणी!"

ती गंभीर झाली. उठली, खराट्याची काडी मोडून आणली आणि माझ्या दातांत काय अडकलंय ते काढायला बसली!

नेमक्या तेव्हाच गिरजाबाई दारात. माझे हात मागे, तोंडाचा आ, समोर पोरगी काडी घेऊन.

"माय वो! मास्तरानं हात काऊन बांधून ठेवले जी तुमचे?"

त्या दिवसापासून आमच्या घरातले सगळे हात सुटे आहेत.

*

हरवण्याच्या धास्तीने एकदा मी फार शहाणपणा केला. कुंदाच्या फ्रॉकवर छातीपाशी लाल रेशमाने भरलं, "कुंदा, मास्तरांची, चामोर्शी". भोवती वेल. गल्लीतल्या बायांना ते इतकं आवडलं म्हणता! फ्रॉक नमुना म्हणून या घरून त्या घरी फिरत होता. मला कोण अभिमान! शाळेत शिवणाच्या बाईंनी मला दयेपोटी पास केलं होतं, ते आठवत होतं ना.

दिवाळीला दार उघडून पाहते तो काय! गल्लीतलं प्रत्येक पोर छातीवर लाल रेशमात "कुंदा, मास्तरांची, चामोर्शी"! बायांपैकी कुणालाच अक्षरं येत नव्हती. वेलीबरोबर तीही नक्षी समजून त्यांनी उतरवली होती. न्हाव्याच्या पोट्ट्याच्या सदऱ्यावरसुद्धा!

हे ओट्यावर आले, गल्लीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "माझा संसार फारच वाढला."

*

कुंदा नावं ठेवते. खरोखरीच ठेवते! बोलता येत नाही, तेव्हा प्रत्येक माणसाची तिने एक खूण करून टाकली आहे. गाल टम्म फुगवले की गिरजाबाई. चष्मा धोतराच्या सोग्याला पुसल्यासारखं केलं की तिचे बाबा. आणि दोन्ही हातांनी कमरेपाशी घसरणारं धोतर वर ओढलं की हेडमास्तर! हेडमास्तरांचं धोतर खरंच थांबत नाही, पण ते सगळ्या चामोर्शीत बोलायची कुणाची छाती नव्हती.

एकदा हेडमास्तर घरी आले आणि म्हणाले, "कन्येने आमचं काय नाव ठेवलंय?"

"कपाळावरचं गंध," मी ठोकून दिलं.

कुंदा शेजारीच उभी राहून मनापासून धोतर ओढत होती.

"मग हे काय करतेय?"

"तिच्या... पोटात दुखतं अधूनमधून."

हेडमास्तर खूश. कुंदाकडे पाहून स्वतःच्या कपाळावर बोट टेकवत राहिले. मी चहाला आत गेले. कुंदाने माझा करंडा काढला आणि पाहुण्यांची मागणी पुरी केली, चांगलं ठसठशीत कुंकू लावून! चहा घेऊन बाहेर आले तर ते निघून गेलेले. तसेच पालकांच्या सभेला गेले, तसेच भाषण केलं, तसेच घरी पोचले.

दारात त्यांच्या मंडळींनी म्हणे एवढंच विचारलं, "कोणाच्या घरी हळदीकुंकवाले गेलते जी?"

*

आमच्या बाजाराला जंगलातल्या गावांमधून बाया चारोळी, डिंक घेऊन येतात. त्या बोलतात गोंडी. मी बोलते पुस्तकी मराठी. एकदा एका बाईला मी चारोळीबद्दल तीन प्रश्न विचारले, सगळे व्याकरणशुद्ध. ती शांतपणे काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "अं?" ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा "अं?"

इकडे कुंदा उकिडवी बसून तिच्याशी हातांनी बोलत होती. चारोळी खवट निघाली तर तोंड कसं होतं तेही करून दाखवलं. दोघी हसल्यासुद्धा!

मग त्या बाईने हळूच माझ्याकडे बोट केलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि "नाही ना?" अशी मान हलवली. आई बहिरी आहे का गं तुझी?

कुंदाने जोरजोरात होकार दिला!

बाईने कळवळून मला एक ओंजळ चारोळी वर घातली.

*

गेल्या महाशिवरात्रीला आम्ही बैलगाडीने मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. हे बैल सोडत होते. गिरजाबाई आणि मी बांगड्यांच्या दुकानापाशी. कासाराने बांगडी चढवायला माझा हात धरला, तेवढ्यापुरता मी कुंदाचा सोडला. बांगडी चढली. वळून पाहते, तर कुंदा नाही.

मी हाका मारत सुटले. कुणाला मारतेय, कशाला मारतेय, काही कळत नव्हतं. बोलवत होते तिलाच, आणि सगळ्या जत्रेत ती एकटीच ऐकणार नव्हती. गिरजाबाई माझा पदर धरून मागे धावत होत्या.

पोलिसांच्या मांडवापाशी ही गर्दी! मधे टेबलावर कुंदा, दोन्ही मुठींत रेवड्या. समोर हवालदार, एक हात कमरेवर.

"कोणाची वं तू? माय कोठी हाय तुई?" तो हाताने विचारत होता.

कुंदा मान मागे वळवून पाहायची आणि पुन्हा समोर. हवालदारही तिच्या मागे पाहायचा. मागे कनात. त्याने पुन्हा विचारलं. कुंदाने पुन्हा मागे पाहिलं. मग हवालदाराने, मग गर्दीतल्या सगळ्यांनी!

"मांगं काय हाय बाप्पा?" हवालदार वैतागला. "भूत दिसून राह्यलं का हिले?"

मी घुसून तिला उचललं. त्याने काठी आडवी धरली.

"थांबा! पोट्टी बोलत नाई. तुमचीच हाय, हे कशावरून?"

मॅट्रिक पास बाईला एक शब्द फुटेना. सांगू काय? नुसती रडत होते. रडणाऱ्या बाया त्याने सकाळपासून पुष्कळ पाहिल्या असाव्यात.

तेवढ्यात गिरजाबाई पुढे आल्या. "अवो साहेब, ते मांगं नाई पाहून राह्यली! ते मायचं नाव सांगून राह्यली!"

"हे कोणतं नाव?"

"इचं नाव. साऱ्या गल्लीले माईत हाय."

मला माहीत नव्हतं.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, कुंदाकडे पाहिलं. गिरजाबाईंनी मास्तर गाडीपाशी आहेत म्हणून सांगितलं, तरी विश्वास काही बसला नाही. "बरं, चाला. गाडीवर मास्तरालेच इचारतो," म्हणाला आणि काठी टेकत मागून निघाला.

रेवड्या सांडतात म्हणून कुंदा खाली उतरली. मुठी भरलेल्या, हात धरू देईना. मी पुढे, ती मागे. चार पावलं गेले आणि वळून पाहिलं. येत होती. आणखी चार गेले. वळून पाहिलं. एका गाडीला वळसा घातला, वळून पाहिलं.

मागून हवालदार ओरडला, "जा बाई, जा! तुमचीच हाय!"