वरचे सूर

किशोरचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या शाळेत प्रार्थना आटोपून पेटीचा भाता बंद करत होतो. तो चाकूरहून बोलत होता आणि त्याचा आवाज इतका बसलेला होता की पुढचं ऐकूच नये असं वाटलं. "सिद्धू गेला," तो म्हणाला. "काल छातीत दुखून राहिलं म्हणून एकटाच मुखेडच्या दवाखान्यात जाऊन आला. सकाळी उठलाच न्हाई." सिद्धार्थ, आमच्या ऑर्केस्ट्रातला बेंजोवाला... चाळिशीसुद्धा दिसली नाही त्याला. मुलं रांगेनं वर्गात गेली. मी पेटीपाशी बसून राहिलो. आता महिना होत आला. त्याच्याबद्दल लिहावं म्हणून बसतो, तर नांदेडचं ते जुनं हॉटेलच डोळ्यांपुढं येतं. तिथलं आठवून अजून हसू येतं, आणि त्या हसण्याचाच मला आता त्रास होतो.

आम्ही चौघं तेव्हा विशीतले. मी रेणापूरचा, पेटीवर. ढोलकीला किशोर, गायला नांदेडचीच रेश्मा आणि बेंजोवर मुखेडचा सिद्धार्थ. त्याचे वडील भीमगीतं गायचे. जयंतीच्या स्टेजखाली झोपून हा मोठा झालेला, त्यामुळं कान आमच्यात सगळ्यांत पक्का. रेश्मा केसभर घसरली तरी त्याची भुवई हलायची. लग्नसराईसाठी आम्ही जुन्या नांदेडातल्या एका निजामकाळच्या हॉटेलात वरची मोठी खोली घेतली होती. उंच छत, खिडक्यांना रंगीत काचा, आणि नळाला पाणी त्याच्या मर्जीनं. हॉटेलचे म्हातारे मालक, चाचा, दुपारी तालमीच्या वेळी वर येऊन खुर्चीत डुलकी काढायचे. आमच्या आवाजात झोप चांगली लागते म्हणायचे.

अशाच एका तालमीत माझ्या पेटीचा सगळ्यांत वरचा सूर वाजेना. उघडून पाहिलं तर हवेनं थरथरून सूर देणारी आतली पितळी पट्टीच गायब, आणि तिच्या जागी कागदाचा बोळा नीट ठासून बसवलेला. नवी पट्टी मिळेपर्यंत चालवून घेऊ म्हटलं, तर थोड्या दिवसांनी त्याच्या खालचा सूर गेला. मग त्याच्याही खालचा. बाकी कशाला हात लागलेला नाही, कुलूप शाबूत. रेश्माला दर कार्यक्रमाला गाण्याची पट्टी खाली उतरवावी लागे. ती वैतागून म्हणाली की असंच चाललं तर लग्नसराई संपेपर्यंत ती बाप्यासारखी गायला लागेल.

चाचांनी मात्र चोर ओळखला होता. "एक उस्ताद इसी कमरे में गुजरे, बेटा," ते म्हणाले. "तुमचं गाणं त्यांना बर्दाश्त होईना." यावर सिद्धार्थनंच गंभीर चेहऱ्यानं मोगऱ्याची फुलं आणली, उदबत्ती लावली आणि उस्तादांची माफी मागितली. किशोरचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यानं पेटीच्या झाकणावर हळद भुरभुरून ठेवली आणि सकाळी सगळ्यांचे हात तपासायचं ठरवलं. पण त्याच संध्याकाळी आम्ही एका हळदीच्या कार्यक्रमात वाजवलं होतं. नवरीकडच्या बायकांनी आम्हालाही सोडलं नव्हतं. सकाळी पाहिलं तर चौघांचेही हात कोपरापर्यंत पिवळे. आम्ही पोट धरून हसलो. सिद्धार्थ सगळ्यांत जास्त हसला... पण हळूहळू हसणं आटलं. मला किशोरचा संशय येऊ लागला, त्याला माझा. ताटं घेऊन आम्ही वेगवेगळ्या खिडक्यांत बसू लागलो.

पुढच्या आठवड्यात साउंडवाल्याकडचं काम लवकर उरकून मी दुपारीच परत आलो. खोलीचं दार उघडंच होतं. सिद्धार्थ माझ्याकडे पाठ करून बसला होता. पुढ्यात माझी पेटी उघडी, आणि एक पितळी पट्टी दातांत धरून तो ती बोटानं छेडत होता. मी दारातून हाक मारली. तो वळला नाही. जवळ जाऊन मोठ्यानं मारली, तरी नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढ्यानं दचकला. माझा राग एकदम कुठं गेला कळलं नाही, कारण मी का चिडलो होतो त्यापेक्षा मोठं काहीतरी समोर होतं.

त्यानं पट्टी सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिली. "हे वरचे सूर मला येऊन न्हाई राहिले, दत्ता," तो म्हणाला. "तू बोट ठेवतोस, रेश्मा मान डोलावते, अन् मला नुस्ती हवा. दातांत धरून बी पाह्यलं. मग म्हनलं, सगळ्यांनाच न्हाई येऊ दे."

बाकीच्या पट्ट्या त्याच्या मोज्यात होत्या. वर्षभरापासून तो असाच वाजवत होता, बोटांच्या आठवणीवर, आणि बोलणं समोरच्याच्या ओठांवरून ओळखत होता. ऐकू येणारे सूर वरून कमी होत चालले होते, आणि त्यांच्या मागोमाग तो माझी पेटी रिकामी करत चालला होता. किशोर आणि रेश्माला मी संध्याकाळी सांगितलं.  चाचा म्हणाले की बेचाऱ्या उस्तादांवर फुकट आळ आला.

आम्ही त्याला लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. नस सुकत चालली आहे, थांबवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कानाच्या मशीननं बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही. सिद्धार्थ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मी ते त्याला कागदावर लिहून दाखवलं. त्या हंगामानंतर त्यानं बेंजो कापडात बांधला. मुखेडला जाऊन पिठाची गिरणी टाकली. मी भेटायला गेलो की गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात गिऱ्हाइकं आणि तो एकमेकांवर ओरडत असायचे. "इथं सगळेच माझ्यासारखे," तो हसून म्हणायचा. कानातल्या मशीनमध्ये पीठ जाऊन ते बंद पडलं, मग खिशातच राहू लागलं. समोरचा काय म्हणतो ते कळलं नाही तरी पुन्हा विचारायची त्याला लाज वाटे. हाव, हाव म्हणजे हो, हो करत मान हलवायचा. आमची ती गमतीची गोष्ट झाली होती. तुझी म्हैस मला देतोस का, असं किशोर हळूच पुटपुटायचा आणि हा हाव म्हणून मोकळा व्हायचा.

परवा मुखेडला गेलो तेव्हा त्याची बायको, करुणा, म्हणाली की ती नंतर दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की हे हृदयाचं आहे, घरी जाऊ नका, आत्ताच्या आत्ता नांदेड गाठा. पुन्हा पुन्हा सांगितलं. तोंडाला मास्क होता त्यांच्या. "हे हाव म्हनले," करुणा म्हणाली. "गोळ्या घेऊन घरी आले. पित्त हाय म्हनले मला. जेवले, झोपले." तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं, बहुतेक पुष्कळांना सांगून झालं असावं. एक शब्द न ऐकल्यामुळं माणूस मरतो, आणि तो शब्द उच्चारणाऱ्याची काही चूक नसते, ऐकणाऱ्याचीही नसते. कुणावर रागावावं हेसुद्धा आपल्या हाती राहत नाही.

चहा घेऊन मी उठलो. चपला घालायला वाकलो होतो, तेवढ्यात दंडाला कुणाचा तरी हात लागला. त्यांची धाकटी लेक, तनू, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. ती मागून पुढं आली, माझ्या तोंडासमोर नीट उभी राहिली, मी तिच्याकडे बघेपर्यंत थांबली आणि मगच ओठ मोठे करून सावकाश म्हणाली, "काका, परत कधी येता?" करुणा म्हणाली की ही सगळ्यांशी अशीच बोलते. शाळेत बाई रागावतात, पोरं चिडवतात, तरी आधी हात लावते, समोर येते, मग बोलते. तिला वाटतं, माणसांशी असंच बोलायचं असतं.